पहिल्या क्रमांकाची हमी आणि इतर शंका : वाचकांचे प्रश्न

शोधयंत्रांवरील स्थान आणि ऑनलाइन जाहिराती या विषयावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे लहान व्यावसायिकांची आणि मराठीत लिहिणाऱ्यांची आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : गुहागरजवळ आमचे चार खोल्यांचे घरगुती निवास आहे. 'तीन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर पहिला क्रमांक, लेखी हमीसह' असे सांगून एक कंपनी पंचवीस हजार रुपये मागत आहे. द्यावेत का?

देऊ नयेत. गूगलच्या निकालपानावर दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाखाली एक मांडलेल्या असतात. 'प्रायोजित' असे लिहिलेल्या जागा लिलावाने विकल्या जातात, तर उरलेल्या जागा विकल्याच जात नाहीत. तिथला क्रम गूगलची गणिते ठरवतात आणि तो वर्षातून अनेकदा बदलतो. जी वस्तू विक्रीला नाही तिची हमी तिसरा माणूस देऊ शकत नाही, आणि संकेतस्थळ-मालकांसाठीच्या आपल्या मार्गदर्शनात गूगलनेही हे स्पष्टपणे लिहिले आहे.

तरीही अशी 'हमी' कागदोपत्री पुरी करून दाखवता येते. तुमच्या निवासाचे पूर्ण नाव टाकून शोधले की तुम्हीच पहिले येणार, कारण त्या नावाला दुसरा दावेदारच नसतो. किंवा सात-आठ शब्दांची अशी ओळ निवडली जाते की ती कोणीही कधी शोधत नाही. तुमच्याच फोनवर, तुमच्याच अंगणात उभे राहून शोध घेतला तरी जवळचे म्हणून तुमचे निवास वर येते. पर्यटक मात्र पुण्यात बसून 'गुहागर समुद्राजवळ राहण्याची सोय' असे शोधतो, आणि खरी चुरस तिथे असते.

या कंपन्यांच्या दरपत्रकात बहुधा 'पाचशे बॅकलिंक', म्हणजे इतर संकेतस्थळांवरून तुमच्याकडे येणाऱ्या पाचशे लिंक, असा एक रकाना असतो. १९९८ मध्ये गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही शिफारस मानली गेली, आणि शिफारशीला किंमत आल्याबरोबर तिचा बाजार भरला. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणून विकतच्या लिंक वापरणाऱ्यांना खाली ढकलले. २०१६ पासून अशा लिंक मुख्यतः हिशेबातच धरल्या जात नाहीत. म्हणजे आज त्यांवर खर्च केलेले पैसे बहुतेक वेळा नुसते वाया जातात, आणि प्रकरण फारच उघडे असेल तर संकेतस्थळावर कारवाईही होते.

चार खोल्यांच्या निवासाला नकाशावरील 'बिझनेस प्रोफाइल' सर्वांत उपयोगी, आणि ते विनामूल्य आहे. स्थानिक शोधात गूगल मुख्यतः तीन गोष्टी पाहते : विचारलेल्या गोष्टीशी जुळणी, अंतर आणि लौकिक. अंतर आपल्या हातात नाही, पण जुळणी आहे. जेवणाची सोय, वाहनतळ, पावसाळ्यात चालू की बंद, खोल्यांची अलीकडची छायाचित्रे हे सारे भरावे. कोकणात नकाशावरची खूण अनेकदा मुख्य रस्त्यावर पडते आणि निवास असते आतल्या वाडीत. खूण नेमक्या फाटकावर आणून पत्त्यात वाडीचे नाव घालावे. हे काम तुमच्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा एका दुपारी करू शकेल.

पुढे कधी एखाद्या व्यावसायिकाला काम दिलेच, तर डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता), सर्च कन्सोल (शोधात आपली पाने किती दिसली, किती क्लिक आले हे दाखवणारी गूगलची सेवा) आणि बिझनेस प्रोफाइल या तिन्हींची मालकी तुमच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवावी आणि त्याला केवळ व्यवस्थापकाचा अधिकार द्यावा. करार मोडल्यावर आपलेच नाव आपल्याला परत मिळत नाही, अशा तक्रारी आमच्याकडे वरचेवर येतात.

प्रश्न : मी देवगडचा बागायतदार असून हापूसच्या पेट्या थेट ग्राहकांना पाठवतो. हंगामात दिवसाला ५०० रुपयांची गूगल जाहिरात लावली. काही दिवशी ९०० रुपयांहून अधिक रक्कम वजा झाली. क्लिक भरपूर आले, ऑर्डरी मात्र नगण्य. हे क्लिक खोटे असतील का?

काही असतीलही, संशयास्पद क्लिक वगळण्याची गूगलची यंत्रणा आहे आणि वगळलेल्या क्लिकचे पैसे आकारले जात नाहीत. परंतु तुम्ही पाठवलेला तपशील पाहता दोष क्लिकपेक्षा खात्यातील मूळ मांडणीत दिसतो.

आधी रकमेचे. तुम्ही भरलेला ५०० चा आकडा ही त्या दिवसाची मर्यादा नसून सरासरी आहे. मागणी जास्त असेल त्या दिवशी गूगल त्याच्या दुप्पट, म्हणजे १,००० रुपयांपर्यंत खर्च करू शकते. महिन्याचा खर्च मात्र दैनिक रकमेच्या ३०.४ पट, म्हणजे १५,२०० रुपयांपुढे जात नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी धरल्यास १७,९३६ रुपये होतात. कापड किंवा भांडी विकणारा नोंदणीकृत व्यापारी हा कर पुढे वळता करून घेतो. ताजा आंबा जीएसटीतून मुक्त असल्यामुळे तुम्हाला ती सोय नाही, आणि हा कर सरळ तुमच्या खर्चात धरावा लागतो.

आता क्लिक. खात्यात 'सर्च टर्म्स' नावाचा अहवाल असतो. लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केल्यावर तुमची जाहिरात दिसली, हे तिथे वाचायला मिळते, आणि माझ्या मते नव्या जाहिरातदाराने पहिल्या आठवड्यात याखेरीज दुसरे काहीही पाहू नये. तुमच्या अहवालाची प्रत पत्रासोबत आहे. तीत 'हापूस आंबा लागवड', 'हापूस कलम किंमत', 'आंबा मोहर फवारणी', 'वाशी मार्केट आंबा बाजारभाव' आणि 'आमरस किती दिवस टिकतो' अशा शोधांवर पैसे गेलेले दिसतात. यांतला एकही माणूस पेटी घेणारा नाही. पहिले तिघे तर तुमचे व्यवसायबंधू आहेत. तुम्ही 'हापूस आंबा' हा शोधशब्द ब्रॉड मॅच, म्हणजे सैल जुळणीच्या, प्रकारात ठेवला, जो नव्या खात्यात आपोआप निवडलेला असतो, आणि त्यामुळे आंब्याशी दूरान्वयाने संबंधित असलेले सगळे त्यात ओढले गेले. 'हापूस आंबा पेटी ऑनलाइन', 'देवगड हापूस घरपोच पुणे' असे खरेदीचे शब्द फ्रेज किंवा एक्झॅक्ट या अधिक काटेकोर जुळणीच्या प्रकारांत ठेवावेत. लागवड, कलम, रोप, फवारणी, बाजारभाव, रेसिपी हे शब्द 'निगेटिव्ह' यादीत, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवू नये अशा शब्दांच्या यादीत, टाकावेत. ही यादी समानार्थी शब्द आणि रूपे स्वतःहून ओळखत नाही. 'रोप' टाकल्याने 'रोपे' अडत नाही, म्हणून दोन्ही लिहावेत, आणि आपल्याकडे निम्मे लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, तेव्हा तीही रूपे घालावीत.

स्थळाच्या रकान्यात तुम्ही पुणे, मुंबई आणि ठाणे निवडले, हे योग्यच होते. मात्र त्याखाली एक झाकलेला पर्याय असतो. निवडलेल्या ठिकाणी 'असलेले किंवा त्यात रस दाखवणारे' अशा दोन्ही लोकांना जाहिरात दाखवणे ही तिथली मूळ मांडणी आहे, त्यामुळे पुण्याविषयी काही शोधणारा पाटण्यातला माणूसही तुमच्या खर्चात येतो. 'तेथे असलेले किंवा नियमित जाणारे' एवढाच पर्याय ठेवावा. शिवाय 'डिस्प्ले नेटवर्क' (इतर संकेतस्थळे आणि अॅप यांवरील जाहिराती) आणि 'सर्च पार्टनर्स' (गूगलबाहेरची शोधपाने) या दोन चौकटींवरची आधीच केलेली खूण काढावी. मोबाइलवरील खेळांत मुलांचा अंगठा चुकून पडतो तेव्हाचे क्लिक या पहिल्या वाटेने येतात, आणि नियमांनुसार ते सगळेच खोटे ठरत नाहीत.

लिलावाविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण 'जो जास्त पैसे देतो तो वर' असा समज सर्वत्र आहे. शोधातील जागा लिलावाने विकण्याची पद्धत १९९८ मध्ये 'गोटू' या अमेरिकी कंपनीने रुजवली आणि तिथे खरोखरच केवळ रक्कम पाहिली जाई. गूगलची जाहिरात सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुमारे ३५० जाहिरातदारांसह सुरू झाली. २००२ पासून तिने प्रतिक्लिक दर आणला आणि बोलीच्या जोडीला जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यताही हिशेबात धरली. पुढे लोक ज्या पानावर पोहोचतात त्या पानाची उपयुक्तताही त्यात आली. म्हणून पानावर पेटीत किती डझन, फळाचे वजन किती, आंबा झाडावरून कधी उतरवला, पोहोचायला किती दिवस आणि खराब निघाल्यास काय, हे पहिल्याच नजरेत दिसले पाहिजे. तुमच्या पानावर सुरुवातीला बागेचा इतिहास आहे आणि दर तळाशी आहे. त्यांची अदलाबदल करावी.

शेवटचा मुद्दा मोजणीचा. तुमच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात आणि त्यांची नोंद गूगलकडे जात नाही. कोणत्या क्लिकमधून पेटी विकली गेली हे यंत्राला कळले नाही, तर ते निव्वळ स्वस्त क्लिक गोळा करत राहते. व्हॉट्सअॅपच्या बटणावरील क्लिक तरी 'कन्व्हर्जन', म्हणजे जाहिरातीचे अपेक्षित फळ, म्हणून नोंदवावा. तो अपुरा आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. समजा, एक क्लिक ८ रुपयांना पडला आणि शंभर क्लिकमागे दोन पेट्या गेल्या, तर एका पेटीमागे जाहिरातीचा खर्च ४०० रुपये झाला. हा आकडा तुमच्या नफ्यात बसतो की नाही, हे जाहिरात लावण्यापूर्वीच कागदावर मांडावे. 'परफॉर्मन्स मॅक्स' हा प्रकार घ्या, असा आग्रह तुम्हाला फोनवरून होईल. २०२१ मध्ये आलेल्या या प्रकारात जाहिरात कुठे दिसावी याचा बहुतेक निर्णय यंत्र घेते आणि शिकण्यासाठी त्याला पुष्कळ विक्रीची नोंद लागते. दीड-दोन महिन्यांच्या हंगामात ती जमेपर्यंत आंबा संपलेला असतो. मागच्या वर्षीच्या ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक तुमच्या वहीत असतील, तर फेब्रुवारीअखेर त्यांना केलेला फोन या साऱ्यापेक्षा स्वस्त पडेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी किल्ल्यांवर मराठीत लिहिते. सर्च कन्सोलमध्ये माझी पाने पूर्वीइतकीच दिसतात, पण क्लिक जवळपास निम्म्यावर आले आहेत. एआयमुळे हे होत आहे का, आणि ते रोखता येईल का? (ठाणे)

लक्षणे तशीच आहेत. आधी एक खातरजमा करावी. पानांचे सरासरी स्थान घसरले असेल, तर कारण गूगलच्या क्रमवारीतील बदलात शोधावे लागेल. स्थान तेच आणि क्लिक कमी, असे असेल तर वाचकाला निकालपानावरच उत्तर मिळत आहे. 'एआय ओव्हरव्ह्यूज' हे तयार उत्तर गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात इंग्रजी व हिंदीत आणले; संवादरूपाने उत्तरे देणारा 'एआय मोड' २०२५ मध्ये मराठीतही आला. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने मार्च २०२५ मधील अमेरिकी वापरकर्त्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे उत्तर दिसलेल्या शोधांपैकी ८ टक्के शोधांतच नेहमीच्या निकालावर क्लिक झाला होता. उत्तर नसलेल्या शोधांत हे प्रमाण १५ टक्के होते. आपल्याकडील आकडे वेगळे असू शकतील, दिशा तीच असणार.

रोखण्याचे उपाय तोकडे आहेत. 'गूगल-एक्स्टेंडेड' या नावाला रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांना सूचना देणाऱ्या संकेतस्थळावरील फाइलमध्ये) मनाई केल्यास जेमिनी या गूगलच्या एआयच्या प्रशिक्षणासाठी मजकूर वापरला जात नाही, पण शोधातील एआय उत्तरांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. 'नोस्निपेट' ही पानातील मजकुराचा उतारा दाखवू नये असे सांगणारी सूचना तिथे लागू पडते. मात्र तिच्यामुळे साध्या निकालाखालची दोन ओळींची ओळखही जाते आणि उरलेले क्लिकही कमी होण्याची भीती असते. लेखकाने दार उघडे ठेवावे तर मजकूर जातो, लावून घ्यावे तर वाचक जातो, अशी ही अडचण आहे, आणि प्रकाशकांचा राग मला रास्त वाटतो.

मग लिहायचे काय? राजगडाची उंची किंवा तो कोणत्या तालुक्यात आहे, एवढेच सांगणाऱ्या पानाला यापुढे वाचक मिळणार नाही. गुंजवण्याहून चोर दरवाजाने पद्मावती माचीवर चढताना कड्यावरचा टप्पा पावसाळ्यात किती निसरडा असतो, वयस्कर माणसांना सोबत घेऊन पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी जाणे का बरे, परतीची एसटी चुकली तर काय करावे, हे मात्र जो नुकताच जाऊन आला आहे तोच सांगू शकतो. गूगलने गुणवत्ता तपासनिसांसाठीच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये 'प्रत्यक्ष अनुभव' हा निकष जोडला, तो याच कारणाने. क्लिक कमी झाले म्हणून एआयकडून दिवसाला वीस लेख लिहवून घेण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल. मार्च २०२४ पासून क्रमवारीसाठी असा घाऊक मजकूर टाकणे गूगलच्या नियमांनुसार उघड गैरप्रकार आहे.

उत्पन्नाबाबत एवढेच, की संकेतस्थळावर जाहिराती दाखवल्याचा मोबदला देणाऱ्या गूगलच्या अॅडसेन्स सेवेत २०२४ पासून क्लिकऐवजी जाहिरात दिसण्याला मोबदला मिळतो. वाचकसंख्येवरच सारे अवलंबून असल्यामुळे घटलेल्या क्लिकचा फटका थेट बसतो. नियमित वाचकांची ईमेल यादी तयार करणे आता लांबणीवर टाकू नये.

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकाचे वीस वर्षांचे साहित्य संकेतस्थळावर आहे, तरी शोधात त्यातले काहीच येत नाही. शब्द रोमन लिपीत द्यावेत का? (सोलापूर)

रोमन लिपीचा प्रश्न इथे नाही. तुमचे २०१२ पूर्वीचे अंक जुन्या फाँटमध्ये, म्हणजे युनिकोड ही प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये, जुळवलेले आहेत. पडद्यावर ते मराठी दिसतात; प्रत्यक्षात फाइलमध्ये इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली आहेत. शोधयंत्र साठवलेले वाचते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने तिथे मराठी मजकूर नाहीच. पीडीएफमधून एक ओळ उचलून ईमेलमध्ये चिकटवून पाहा. कचरा उमटला तर मजकूर रूपांतरित करावा लागेल. रूपांतरकांकडून जोडाक्षरे आणि रफार यांच्या चुका राहतात, म्हणून मुद्रितशोधकाची नजर फिरल्याशिवाय ते प्रसिद्ध करू नये. सगळे एकदम न जमल्यास आधी प्रत्येक लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव आणि एक परिच्छेद यांचे स्वतंत्र पान करावे.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. 'दऱ्या', 'पुऱ्या' यांतील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो : नुक्ता असलेल्या र ला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र वेगळे. गूगल असे भेद बऱ्यापैकी सांभाळून घेते, पण तुमच्या संकेतस्थळावरची स्वतःची शोधपेटी बहुधा सांभाळत नाही आणि 'सापडले नाही' असे सांगते. संपूर्ण संग्रहासाठी एकच पद्धत ठरवावी.

पानांचे पत्ते मात्र रोमन लिपीत आणि आटोपशीर ठेवण्यास हरकत नाही. देवनागरी पत्ता शोधाला चालतो, परंतु व्हॉट्सअॅपवर पाठवताना टक्क्यांच्या चिन्हांची दोन-तीन ओळींची माळ होते आणि वाचक ती उघडायला कचरतो.

प्रश्न : आमच्या क्लासचे नाव शोधले की वर प्रतिस्पर्ध्याची जाहिरात येते. हे कायदेशीर आहे का? (नाशिक)

नाव नोंदणीकृत व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) आहे का, यावर पुष्कळसे अवलंबून आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये असे म्हटले, की दुसऱ्याचे व्यापारचिन्ह जाहिरातीसाठी शोधशब्द म्हणून घेणे हा कायद्याच्या अर्थाने त्याचा 'वापर' आहे, परंतु ग्राहकाची दिशाभूल होत नसेल तर तेवढ्याने उल्लंघन ठरत नाही. त्याच निकालात गूगल ही निव्वळ तटस्थ मध्यस्थ नाही, असेही नमूद झाले. प्रतिस्पर्ध्याने जाहिरातीच्या मजकुरात तुमचे नाव छापले असेल, तर गूगलकडे विनामूल्य तक्रार नोंदवता येते आणि तिचा उपयोग होतो. केवळ शोधशब्दाबद्दलच्या तक्रारीवर गूगल कारवाई करत नाही. नाव नोंदवलेले नसल्यास आधी ते काम करावे. तोवर स्वतःच्या नावावर स्वतःच छोटी जाहिरात लावणे स्वस्त पडते, जरी आपल्याच नावासाठी भाडे भरावे लागते याचा संताप येणे स्वाभाविक आहे.

प्रश्न : एकदा बूट पाहिले की महिनाभर बुटांच्या जाहिराती दिसतात. कुकी बंद होणार होत्या ना? (पुणे)

होणार होत्या. अॅपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० मध्ये तृतीय पक्षाच्या कुकी, म्हणजे तुम्ही पाहत असलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांनी मागोवा घेण्यासाठी ठेवलेल्या नोंदी, पूर्णपणे बंद केल्या आणि अॅपलने एप्रिल २०२१ पासून अॅपना मागोवा घेण्यापूर्वी परवानगी विचारणे भाग पाडले. गूगलने जानेवारी २०२० मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरबाबत तसेच जाहीर केले, मुदत वारंवार पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडला. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या तुम्हाला स्वतः बंद कराव्या लागतील. गूगल खात्यातील 'माय अॅड सेंटर'मध्ये व्यक्तिगत जाहिरातीही थांबवता येतात. जाहिरातींची संख्या त्याने कमी होत नाही, पाठलाग तेवढा कमी होतो. भारताचा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. अठरा वर्षांखालील मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना या कायद्यात मनाई आहे.

प्रश्न : माझा दवाखाना आहे. 'शंभर पंचतारांकित अभिप्राय' विकत मिळतात. तपासणीत सवलत देऊन रुग्णांकडून लिहवून घेतले तर चालेल का? (सांगली)

दोन्ही चालणार नाही. सवलत, भेटवस्तू किंवा पैसे यांच्या बदल्यात घेतलेला अभिप्राय गूगलच्या नियमांत खोट्या अभिप्रायाइतकाच निषिद्ध आहे, आणि केवळ खूश रुग्णांनाच निवडून विचारणेही नियमबाह्य आहे. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले. ते सध्या ऐच्छिक आहे, पण त्याचीही दिशा हीच आहे. सर्वांना सारखेच विचारावे. स्वागतकक्षात क्यूआर कोड लावणे पुरेसे आहे. वाईट अभिप्राय आल्यास शांतपणे उत्तर द्यावे, मात्र त्या उत्तरात रुग्णाचा आजार, उपचार किंवा भेटीची तारीख यांचा उल्लेख करू नये, मग रुग्णाने ते स्वतः लिहिलेले असले तरीही.